गाऱ्हाणे आणि विश्वास

चळवळीतल्या माणसासमोर 'देवावर भरवसा' हे शब्द उच्चारले की तो सावध होतो. त्याचे सावध होणे रास्तच आहे. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या 'ठेविले तैसे राहा' हेच ऐकवले गेले, त्या समाजातल्या शिकलेल्या पहिल्या-दुसऱ्या पिढीने भरवशाच्या भाषेकडे संशयाने पाहावे, यात नवल काय? मी त्याच पिढीचा. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या बापाने घरातले देव टोपलीत भरून अरुणावतीत सोडले, तेव्हा मी मांडीवरचा होतो. देव नसलेल्या घरात मी वाढलो, मास्तर झालो, मानोऱ्यात आणि आसपासच्या खेड्यांत आयुष्यभर शिकवले. मला देवाची गरज कधी भासली नाही. आजही भासत नाही. तरीही ख्रिस्ती माणसाच्या विश्वासाविषयी, आणि तोही दुःखाच्या दिवसांतल्या विश्वासाविषयी, मी हे लिहितो आहे. त्याला कारण माझी मावशी.

मावशी म्हणजे आईची सख्खी धाकटी बहीण. तिला यवतमाळकडच्या ख्रिस्ती घरात दिले होते. यवतमाळ जिल्ह्यात फ्री मेथडिस्ट मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. दवाखाने, शाळा, वसतिगृहे या वाटेने आपल्यातली काही घरे तिकडे गेली. (यवतमाळला पाद्री घडवणारी मोठी सेमिनरी १९५३ पासून होती, ती १९८३ मध्ये पुण्याला गेली, आपल्या कार्यकर्त्यांना हे सहसा ठाऊक नसते.) नवरा लवकर वारला, तेव्हा मावशी एक पोरगा कडेवर घेऊन आईच्या आधाराने मानोऱ्याला आली आणि आमच्या वस्तीच्या कडेला कुडाच्या खोलीत राहिली. उपासनेसाठी ती सणावाराला एस्टीने दारव्ह्याला जाई. एरवी तिचे देऊळ म्हणजे खोलीतला कोनाडा आणि त्यातले एक कापडात बांधलेले पुस्तक.

तिच्या दारासमोर डालड्याच्या रिकाम्या डब्यांत फुले असत. सदाफुली, गुलबक्षी, झेंडू, एका फुटक्या घमेल्यात मोगरा. १९७२ च्या दुष्काळात ती आणि माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. संध्याकाळी मिलोची लाल भाकर. नदीत झिरे खोदून वाटीवाटीने पाणी भरावे लागे. त्या दिवसांतही मावशीने एकही डबा वाळू दिला नाही. तोंड धुतलेले, भांडी विसळलेले पाणी ती जपून ठेवी आणि डब्यांत घाली. वस्तीतल्या बाया तिला नावे ठेवीत. मीही ठेवली. कॉलेजात गेलो होतो, दलित पँथरच्या बातम्या वाचत होतो. माणसाला प्यायला पाणी नाही आणि ही बाई सदाफुलीला पाजते! एकदा मी तिला सरळ विचारले, "मावशी, तुह्या देवानं तुले देल्लं तरी काय व?"

ती म्हणाली, "देल्लं नाई म्हून त रोज भांडा लागते त्याच्यासंग."

त्या वेळी मी हसण्यावारी नेले. पुढे बऱ्याच वर्षांनी ध्यानात आले, की ख्रिस्ती विश्वासाविषयी माझी जी समजूत होती तिला हे उत्तर छेद देणारे होते.

आपल्या देशात दुःखाचे एक तयार उत्तर होते: पूर्वजन्मीचे कर्म. तू महार का जन्मलास? मागच्या जन्मी पाप केलेस म्हणून. या उत्तराची करामत अशी, की ते सोसणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवते आणि सोसायला लावणाऱ्याला निर्दोष सोडते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माची ही कल्पना साफ नाकारली, याचे कारण हेच. त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी रूढ अर्थाच्या आर्यसत्यांविषयीही शंका घेतली: जगणे, मरणे आणि पुन्हा जन्मणे हे सारेच दुःख असेल, तर माणसाला आशा कुठली? दुःखाचा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न त्यांना टाळता आला नाही. आपल्यालाही टाळता येणार नाही.

आता योहानाच्या शुभवर्तमानातला नववा अध्याय पाहा. रस्त्याने जाताना येशूच्या शिष्यांना जन्मांध माणूस दिसतो. ते गुरूला विचारतात, हा आंधळा जन्मला ते पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापाचे? प्रश्न थेट आपल्या गावच्या पारावरचा आहे. येशू दोन्ही नाकारतो. याचेही नाही, आईबापाचेही नाही. पुढे तो त्या माणसाच्या डोळ्यांना माती लावतो, त्याला दृष्टी येते वगैरे कथा आहे. ती ज्याने त्याने आपापल्या बुद्धीने घ्यावी. मला महत्त्वाचा वाटतो तो नकार. मिशनच्या शाळेत हा अध्याय ऐकणाऱ्या पहिल्या महारा-मांगाच्या कानाला तो कसा लागला असेल? 'तुझे दुःख ही तुझ्या पापाची वसुली नव्हे', हे वाक्य त्याच्याशी तोवर कोणत्या देवाच्या तोंडून कोणी बोलले होते? आपले लोक गव्हासाठी, दुधाच्या भुकटीसाठी ख्रिस्ती झाले असा टोमणा नेहमी मारला जातो. भुकेला माणूस गहू घेणारच, त्यात लाज कसली? पण नुसत्या गव्हावर तीन-चार पिढ्या धर्म टिकत नाही.

आणि त्या पुस्तकात नुसता नकार नाही, भांडणही आहे. इथे वाचकाने थोडे थांबावे, कारण बायबल म्हणजे गोड वचनांचे पुस्तक अशी आपली कल्पना असते. ईयोबाची गोष्ट घ्या. संपत्ती गेली, मुले गेली, अंगभर फोड आले; तो राखेत बसून खापराने अंग खाजवतो आणि देवाला जाब विचारतो. त्याचे शहाणे मित्र येऊन समजावतात, की तू नक्कीच काही पाप केले असशील. ईयोब शेवटपर्यंत ऐकत नाही. गोष्टीच्या अखेरीस देव रागावतो तो त्या मित्रांवर. देवाची वकिली करणारे चूक ठरतात आणि देवाशी भांडणारा खरा ठरतो! स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत; त्यांतली कितीतरी म्हणजे उघड गाऱ्हाणी आहेत: किती दिवस विसरशील, का तोंड लपवतोस, शत्रू हसतात ते दिसत नाही का. यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यावरचा आक्रोश 'विलापगीत' या नावाने स्वतंत्र पुस्तक होऊन बसला आहे. क्रुसावर टांगलेला येशू देवाला विचारतो, की तू मला का टाकलेस. तो प्रश्नही बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ आहे. लहानपणी पाठ केलेले गाऱ्हाणे त्याला मरताना आठवले. ख्रिस्ती माणूस ज्याला देव मानतो, त्याच्या तोंडी शेवटच्या घटकेला देवाविरुद्धची तक्रार आहे, हे मला विलक्षण वाटते.

मावशी 'भांडते' म्हणाली ते हे. भरवसा म्हणजे मुकाट सोसणे, असे समीकरण मी मांडून बसलो होतो. पण ज्याच्याकडून काही अपेक्षाच नाही, त्याच्याकडे गाऱ्हाणे कोण घेऊन जातो? गावच्या पाटलाविरुद्ध पाटलाकडे तक्रार करीत नाहीत. तक्रार करायला कोणीतरी ऐकणारा मानावा लागतो. तसा तो मानणे आणि त्याला रोज जाब विचारणे, या दोन गोष्टी तिच्या लेखी एकच होत्या.

मराठीत आपल्या दुःखाचे पहिले लिखित गाऱ्हाणेही असेच उमटलेले आहे. जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतली मांग समाजाची मुलगी मुक्ता हिचा निबंध १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला. 'ज्ञानोदय' हे अहमदनगरच्या अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये सुरू केलेले पत्र. मुक्ता ख्रिस्ती नव्हती. पण तिच्या निबंधात ती पंडितांशी बोलते आणि मध्येच देवाशीही बोलते. आम्हांला धर्मपुस्तक वाचण्याचा अधिकार नाही, तर आमचा धर्म तरी कोणता, हे ती त्याच्याकडे मागते. उघड्यावर बाळंत होणाऱ्या आपल्या बायांच्या हालांचे तिने वर्णन केले आहे. कोवळ्या वयाच्या मुलीने हे लिहावे! दलित साहित्याच्या उगमाची चर्चा करताना आपण मुक्ताचा विद्रोह सांगतो, आणि तो सांगायलाच हवा. पण त्या विद्रोहाचा रोख देवाकडेही आहे, हे आपण वगळतो. मला वाटते, वगळू नये. जोतिरावांनी देव नाकारला नाही. त्यांनी भटांचा देव नाकारून 'निर्मिक' मांडला, 'गुलामगिरी'त ख्रिस्ताकडे दुसरा बळीराजा म्हणून पाहिले, आणि पंडिता रमाबाईंनी धर्मांतर केल्यावर पुण्यातले विद्वान त्यांच्यावर तुटून पडले तेव्हा १८८५ च्या 'सत्सारा'त त्यांची बाजू घेतली.

रमाबाईंचे उदाहरण इथे लांबण लावून सांगितले पाहिजे. त्या ब्राह्मण, शास्त्र्याची मुलगी. आपल्या नियतकालिकात त्यांचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण उपासमारीत देवाचे काय होते, हे त्यांच्याइतके आतून सांगणारे मराठी माणूस मला दुसरे माहीत नाही. १८७० नंतरच्या दुष्काळात त्यांचे कुटुंब दक्षिणेत तीर्थांमागून तीर्थे फिरत होते. जवळचे होते नव्हते ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेले. मोलमजुरी करायची नाही, कारण शास्त्र्याच्या घराला ते शोभत नाही. भीक मागायची नाही. झाडपाला खाऊन दिवस काढले. थोड्याथोड्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. भाऊ १८८० मध्ये गेला, नवरा १८८२ मध्ये. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष लिहिली, तीत हे सारे आहे, आणि एक प्रांजळ कबुली आहे: बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता.

म्हणजे काय, हे त्यांच्या कामावरून कळते. १८८७ मध्ये त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले ते उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयी. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले तेही मुख्यतः वरच्या जातींच्या विधवांसाठी. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात मुली रस्त्यावर मरताहेत, विकल्या जाताहेत, हे कळल्यावर त्या स्वतः निघाल्या. लहानपणीची आपली भूक त्यांना आठवली, असे त्या सांगतात. शेकडो मुली त्यांनी केडगावला आणल्या, आणि त्या कोणत्या जातीच्या हे विचारण्याची सोयच उरली नाही. १९०० च्या सुमारास मुक्तिसदनात दोन हजारांच्या आसपास बाया-मुली होत्या. ठरलेले उत्पन्न नाही, रोजच्या दाण्यासाठी रोजची प्रार्थना. याला कोणी भोळेपणा म्हणेल. पण हा भोळेपणा हात जोडून बसलेला नव्हता: तिथे शेती होती, विणकाम होते, छापखाना होता, आणि तो छापखाना बाया चालवीत. पूर्वीच्या घरी देवावरच्या श्रद्धेने हाताला काम करू दिले नव्हते. इथे श्रद्धेने हाताला काम दिले. दुष्काळ तोच, भूक तीच. दोन श्रद्धांमधला फरक पाहायचा तर तो असा पाहावा. पुढे त्यांची एकुलती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, आणि वर्षाच्या आत, १९२२ च्या एप्रिलमध्ये, त्या स्वतः गेल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून सोप्या मराठीत केलेले त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. विद्वानांसाठी ते केलेलेच नव्हते. केडगावच्या मुलींना समजावे म्हणून केले होते.

एवढे लिहिल्यावर मी ख्रिस्ती धर्माचा प्रचारक झालो अशी शंका कोणाला येईल. म्हणून बाबासाहेबांनी घेतलेला आक्षेपही तितक्याच स्पष्टपणे मांडतो. तो अजून फिटलेला नाही. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती लोकांच्या सभेत त्यांनी तोंडावर सांगितले, की हिंदी ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी लढला नाही. अस्पृश्य ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेला इंग्रजी निबंध त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत तो पुढे आला. त्यातला मुद्दा जिव्हारी लागणारा आहे. मिशनऱ्याने धर्मांतरिताला शिकवले की तुझे दुःख पापामुळे आहे. तुझ्या भोवतीच्या समाजरचनेमुळे आहे हे शिकवले नाही. म्हणजे योहानाच्या नवव्या अध्यायात जे दार उघडले होते, ते चर्चने हळूच पुन्हा लोटले! पूर्वजन्मीच्या पापाच्या जागी या जन्मीचे पाप आले. तामिळनाडूत दलित ख्रिस्ती माणसाला मेल्यावरही वेगळे कबरस्तान मिळाल्याची उदाहरणे आहेत. तिथे भरवसा ही अफूच होती, यात मला शंका नाही.

हा आक्षेप चर्चच्या आतूनही उठला. १९८१ मध्ये बंगलोरच्या धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात अरविंद निर्मल यांनी केलेल्या भाषणातून आज ज्याला दलित ईश्वरशास्त्र म्हणतात त्याची सुरुवात झाली. भारतीय ख्रिस्ती विचार वेदान्ताच्या चौकटीत अडकला, कारण तो उच्चवर्णीय धर्मांतरितांनी मांडला. बहुसंख्य ख्रिस्ती दलित असताना त्यांची वेदना त्यात कुठे आहे, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्या मते देवाची ओळख वेदनेतूनच होते, कृतीच्याही आधी. अमेरिकेत जेम्स कोन यांनी १९६९ पासून काळ्या लोकांच्या बाजूने हेच काम केले. ब्लॅक पँथरकडून आपण नाव घेतले. पण त्याच काळ्या लोकांनी गुलामीत गायिलेली भजने, ज्यांत गाऱ्हाणे आणि भरवसा वेगळे काढता येत नाहीत, त्यांच्याकडे आपण फारसे पाहिले नाही.

आता मावशीच्या घरातली ती गोष्ट, जिच्यामुळे मी तिला अनेक वर्षे माफ केले नाही.

माझा मावसभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा आणि माझ्याहून हुशार. दोघांची आजी एक, वस्ती एक, गावाने वागवण्याची रीत एक. मी बौद्ध. महाराष्ट्र राज्याने बौद्धांना सवलती चालू ठेवल्या होत्या, त्यामुळे मला शिष्यवृत्ती मिळाली. तो ख्रिस्ती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातला तिसरा परिच्छेद सांगतो, की हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. त्यात १९५६ मध्ये शिखांची भर पडली आणि १९९० मध्ये बौद्धांची. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत. भावाने अर्ज केला तेव्हा एका कचेरीतल्या कारकुनाने त्याला मायेनेच सुचवले, "आईकडून लिहून आण, की आम्ही हिंदू महार आहोत. कोण बघायला येतो?" आमच्या वस्तीत एकूण सगळ्यांचे मत पडले की लिहून द्यावे. माझ्या आईने बहिणीचे पाय धरायचे बाकी ठेवले. मावशीने लिहून दिले नाही. "जे सोडलं ते सोडलं," एवढेच म्हणाली. भावाचे कॉलेज पहिल्या वर्षातच सुटले. तो आधी जिनिंगमध्ये लागला, मग ट्रकवर क्लीनर म्हणून गेला, आणि बरीच वर्षे आईशी बोलला नाही.

मी तिच्याशी तावातावाने भांडलो. तुझ्या देवाच्या खरेपणापायी पोराचा बळी गेला, असे म्हणालो. तिने उत्तर दिले नाही. आज मला तिच्यापेक्षा त्या परिच्छेदाचा राग जास्त येतो. १९८५ मध्ये सुसाई नावाच्या मद्रासच्या चांभाराचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पदपथावर बसून जोडे शिवणारा माणूस. सरकार अशा कारागिरांना टपऱ्या देत होते, त्याला मिळाली नाही, कारण तो ख्रिस्ती. न्यायालय म्हणाले, धर्मांतरानंतरही तितकीच गंभीर अडचण टिकून आहे याचा पुरावा आणा. पदपथावर बसलेल्या चांभाराने आणखी कोणता पुरावा आणायचा? २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढा असे सुचवले. २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. आपण बौद्धांनी १९९० पर्यंत याच दारात उभे राहून धक्के खाल्ले आहेत. आत गेल्यावर मागच्यासाठी दार धरून ठेवायला नको होते का? याबाबतीत आपली चळवळ कमी पडली, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण मावशीने सही का दिली नाही, हे मला त्या डब्यांमुळे थोडे कळले.

दलित साहित्याने सौंदर्याची जुनी व्याख्या नाकारली. शरणकुमार लिंबाळे यांच्या १९९६ च्या सौंदर्यशास्त्रावरच्या पुस्तकात 'सत्यं शिवं सुंदरम्' या सूत्राची चांगलीच उलटतपासणी आहे, आणि ती मला पटते. फुले, चांदणे, मोगरा ही प्रस्थापितांची चैन, असे आपण म्हणत आलो. ना. वा. टिळकांना 'फुलांमुलांचा कवी' म्हटले जाते तेव्हा आपल्या मनात हेच येते. पण टिळकांचे आयुष्य पाहावे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर जातीने, नात्याने टाकले. बायको पाच वर्षे धर्मापलीकडे राहिली. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त ही फरपट अशी सांगितली आहे, की वाचणारा हसता हसता गप्प होतो. आपल्या अंगातला सोवळेपणा कसा एकेक पदर गळत गेला, हेही त्या स्वतःवर हसून सांगतात. टिळकांची फुले बागेतली कमी आणि रानातली जास्त आहेत, 'वनवासी फूल' हे तर एका कवितेचे नावच आहे. तरी ते ब्राह्मण होते, त्यांच्याकडे शब्द वारशाने आले होते. मावशीकडे काय होते? डालड्याचा डबा.

आमच्या लहानपणी देवळात फूल वाहायला आम्हांला वाट नव्हती. माळ्याच्या मळ्यातून फूल तोडले तर शिव्या मिळत. आपल्या अंगणात फूल असावे ही कल्पनाच वस्तीत नव्हती, कारण अंगण असे नव्हतेच. होता तो गावाने आखून दिलेला तुकडा. मावशीने तिथे फुले लावली ती सजावट म्हणून नव्हे. मी कुणीतरी आहे, आणि माझ्या दारात जे उगवते ते कोणाला विचारून उगवत नाही, हे ती त्या डब्यांतून म्हणत होती. दुष्काळातल्या त्या पाण्याचा हिशेब मला असा लागतो. तिने आपले नाव पुन्हा जुन्या कप्प्यात लिहून दिले नाही, त्याचा हिशेबही इथेच लागतो. १९५६ मध्ये आपल्या बापांनी टोपलीभर देव नदीत सोडले ते तरी दुसऱ्या कशासाठी? फक्त आमचे सोडणे हे आंदोलन ठरले आणि तिचे सोडणे हट्ट ठरला.

हा हिशेब मला लागतो, म्हणून भावाचे कॉलेज परत येत नाही. ती किंमत तिने भरली नाही, त्याने भरली. हे मी तिला शेवटपर्यंत सांगत राहिलो आणि ती शेवटपर्यंत ऐकून घेत राहिली.

मावशी गेली ते पावसाळ्याचे दिवस होते. दोन दिवस आधी भाऊ आला. तोवर त्याचा स्वतःचा ट्रक झाला होता, पोरे शाळेत होती. देवळात तो जात नव्हता. तिने कोनाड्यातले पुस्तक काढायला सांगितले आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाच म्हणाली. बाकीची गाऱ्हाणी अखेरीस थोडीतरी उजेडाकडे वळतात. हे वळत नाही. आप्त दुरावले, आता सोबतीला अंधार, असे म्हणून ते संपते. भावाला ते ठाऊक नव्हते. वाचता वाचता तो पुढचे पान उलटू लागला.

"सपलं का?" मावशीने विचारले.

"याच्यापुढं काई नाई," तो म्हणाला.

"मंग राहू दे. तेवढंच हाय."

त्याने पुस्तक मिटले, कापडात बांधले आणि बाहेर जाऊन बराच वेळ उभा राहिला. पाऊस थांबला होता. डब्यांत पाणी साचून झाडे कुजायला आली होती. त्याने खिळा आणि दगड शोधला, आणि प्रत्येक डब्याला बुडाशी भोक पाडले.